एका ओढीत चालू

मोटर घरी आली ती एका सोमवारी सकाळी, जुन्या चादरीत गुंडाळून, दोन हमालांच्या खांद्यावरून. पोचकाकांनी दार उघडलं, चादरीचं टोक वर करून आत मोटरच आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "थांबा, पोच देतो." हमालांना पोच नको होती, पाणी हवं होतं. पण काकांनी आधी पोच लिहिली, तारीख आणि वेळ घातली, सही केली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि मगच पाण्याचा तांब्या पुढे केला. कचेरीच्या दप्तरखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही वस्तू या हातातून त्या हातात नुसतीच गेलेली बघवत नाही. शेजारणीने वाटीभर साखर नेली तरी काका चिठ्ठीवर सही मागत. बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यांचं नाव पोचकाका ठेवलं ते उगाच नव्हे.

ही मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटर. वर डोकं, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाला पंखा. ती सासरेबुवांची. सासरेबुवा तरुणपणी दर रविवारी या मोटरवर सगळ्या कुटुंबाला तलावातल्या बेटावर नेत असत, आणि ती मोटर एका ओढीत चालू व्हायची. दोरी एकदा ओढली की चालू. हे वाक्य लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं काका ऐकत आले होते. घरातला मिक्सर अडला, काकांची स्कूटर अडली, फार कशाला, काका स्वतः बोलता बोलता अडले तरी सासूबाई म्हणत, "आमच्या ह्यांची मोटर कशी, एका ओढीत चालू व्हायची."

गेली अठरा वर्षं मोटर माळ्यावर पडून होती. मग एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना सासरेबुवा म्हणाले, "ऐंशीव्या वाढदिवसाला मला काही नको. एकदा माझ्या मोटरवर बसून बेटापर्यंत जायचंय." साडूभाऊ एका वर्कशॉपचे मॅनेजर. त्यांनी घास गिळायच्या आधीच सांगितलं, "द्या माझ्याकडे बाबा. माझा माणूस तासाभरात करून देईल." आणि त्याच क्षणी पोचकाकांच्या तोंडून शब्द गेले, "मी करतो."

का गेले, ते काकांना आजतागायत कळलेलं नाही. काकूंनी टेबलाखालून पाय मारला, तो चुकून साडूभाऊंना लागला. सासूबाईंनी काकांकडे, चुकीच्या रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. पण सासरेबुवा थोडा विचार करून म्हणाले, "द्या जावईबापूंना." सत्तावीस वर्षांत त्यांनी काकांवर सोपवलेली सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे बॅगा उचलणे. काकांचा ऊर भरून आला. "वाढदिवसापर्यंत नाही झाली," साडूभाऊ हसून म्हणाले, "तर मी आहेच." त्यांचं ते हसू काकांच्या डोक्यात दीड महिना खिळ्यासारखं रुतून बसलं होतं.

"फक्त उघडू नका हं फार," सासरेबुवांनी निघताना काकांना बाजूला घेऊन सांगितलं. "वरून पुसली तरी पुरे."

काकांना ही म्हाताऱ्या माणसाची माया वाटली. मोटर घरी आली त्याच आठवड्यात त्यांनी ती पूर्ण उघडली.

आता एखाद्या साध्या माणसाने मोटर उघडली असती तर स्क्रू वाटीत टाकले असते आणि बाकीचं वर्तमानपत्रावर पसरलं असतं. पोचकाकांनी नवीन रजिस्टर आणलं. अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, कुठून काढली, कुठे ठेवली, शेरा, असे रकाने आखले. मागची बाल्कनी हा दप्तरखाना ठरला. निघालेल्या प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर पेन्सिलने नंबर, कारण शाई रॉकेलमध्ये उतरते हे त्यांना ठाऊक होतं. झाकण एक, झाकणाचा स्क्रू दोन, त्याच स्क्रूखालचा वायसर तीन. चार दिवसांत रजिस्टर एकशे त्रेचाळीसवर पोचलं. बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलांनाही नंबर आहेत की काय, असं बघायला शेजारच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन उभे राहत.

बाल्कनी पुरेना तेव्हा दप्तरखान्याची शाखा स्वयंपाकघरात उघडली.

"अहो, ओट्यावर हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"कार्बुरेटर. अनुक्रमांक एकोणचाळीस."

"मला भाजी चिरायची आहे."

"हलव की. सही करून हलव."

काकूंनी सही केली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'भाजीला रॉकेलचा वास येतो' असं लिहिलं. काकांनी त्याखाली 'नोंद घेतली' असं लिहून तारीख टाकली, आणि त्या दिवशी दोघांचं एकमेकांशी एवढंच बोलणं झालं.

सासरेबुवांचा दर रविवारी दुपारी फोन यायचा. प्रश्न एकच, "उघडली का?" काकांनी उघडल्याचं सांगितलं तेव्हा पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग सासरेबुवांनी आवाज खाली आणून विचारलं, "आत काही कमी आहे असं वाटतं का? म्हणजे, सहज विचारलं."

"कमी कसं असेल, बाबा? प्रत्येक वस्तूची नोंद आहे."

"हो, हो. नोंद आहे म्हणजे प्रश्नच मिटला," सासरेबुवा म्हणाले, पण त्यांचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला नाही. या फोनच्या वेळी काकांच्या डाव्या हातात एक करंगळीएवढी स्प्रिंग होती. रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून त्यांनी घाईघाईत रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अनु. ८७. स्प्रिंग, लहान. कुठली ते नंतर लिहावे.' सव्वीस वर्षांत कचेरीत त्यांनी किती फायलींवर 'नंतर लिहावे' असा शेरा मारला असेल याची गणती नाही. त्या फायलींचं पुढे काय झालं हेही कुणाला माहीत नाही.

मोटर दुरुस्त होतेय ही बातमी फुटल्यावर सल्ले यायला लागले. माणसाला स्वतःच्या घरचा नळ दुरुस्त करता येत नाही, पण दुसऱ्याच्या मोटरबद्दल त्याचं मत पक्कं असतं. एकाने सांगितलं, सगळं डिझेलमध्ये तीन दिवस बुडवून ठेवा. दुसऱ्याने सांगितलं, काहीही करा पण डिझेल लावू नका. कोपऱ्यावरच्या स्कूटर गॅरेजवाल्याला काकांनी मुद्दाम बोलावून आणलं. तो हात मागे बांधून बाल्कनीभर फिरला, प्रत्येक चिठ्ठी वाचली आणि कौतुकाने म्हणाला, "काका, मी असं नीटनेटकं काम आयुष्यात बघितलं नाही."

"मग आता काय करू?"

"आता हे असंच राहू द्या. जोडू नका. जोडलं की बिघडेल."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर फलकावर नोटीसच लावली. 'सोसायटीच्या आवारात जलवाहतुकीची वाहने ठेवू नयेत.' काकांनी त्याच दिवशी लेखी उत्तर दिलं की सदर वस्तू हे वाहन नसून वाहनाचा भाग आहे, तो भागही सध्या एकशे त्रेचाळीस भागांत आहे, आणि पैकी कुठलाही भाग एकट्याने जलवाहतूक करू शकत नाही. सेक्रेटरींनी पत्र वाचलं आणि खिशात घातलं. काका दारातून हलले नाहीत. "पोच," ते म्हणाले. सेक्रेटरींनी सही करून दिली, पण त्या दिवसापासून ते काकांना बघून जिना बदलत, आणि त्या बिल्डिंगला जिना एकच होता.

खरी मदत केली ती तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. सिलिंडरमध्ये साचलेली काजळी बघून त्यांचे डोळे चमकले. "अहो, हे तर आमच्यातलंच," ते म्हणाले. "कीड नाही, नुसतं कीटण आहे." दवाखाना रिकामा असेल तेव्हा ते आपली बारीक आकडेवाली हत्यारं घेऊन वर येत आणि काकांच्या पिस्टनवर वाकून काम करत. सवयीने मध्येच म्हणत, "दुखलं तर हात वर करा." काजळी निघाली. जाताना त्यांनी दात चकचकीत करायच्या पेस्टची एक डबी काकांना दिली. "बोटाने गोल गोल फिरवायची. फार जोर नाही, फार वेळ नाही."

या दोन्ही अटी काकांनी पाळल्या नाहीत. मोटरच्या मानेवर बोटभर लांबीची एक पितळी पट्टी होती. अठरा वर्षांत ती काळीकुट्ट झाली होती. काकांनी रविवारची सबंध दुपार तिच्यावर घालवली. पट्टी आधी तपकिरी झाली, मग पिवळी झाली आणि चहाच्या वेळेपर्यंत तिच्यात काकांना स्वतःचं नाक स्पष्ट दिसायला लागलं. काकूंना हाक मारून त्यांनी तेही दाखवलं. "छान आहे," काकू म्हणाल्या. "पण इथे काहीतरी लिहिलेलं होतं ना?"

काकांनी पट्टी उजेडात धरली. सरळ, तिरकी, उलटी. तिथे इंजिन नंबर होता. आता तिथे नाक होतं. आयुष्यभर नंबरांवर जगलेल्या माणसाने स्वतःच्या बोटाने नंबर पुसला होता. काका त्या संध्याकाळी जेवले नाहीत, आणि भाजीला रॉकेलचा वास असल्यामुळे काकूंनीही आग्रह केला नाही.

जोडणी मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. रजिस्टर शेवटच्या पानावरून वाचत वाचत काका मागे येत गेले. एकशे त्रेचाळीस, एकशे बेचाळीस, एकशे एक्केचाळीस. नव्वदपर्यंत सगळं रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. मग आलं सत्त्याऐंशी, आणि समोर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'कुठली ते नंतर लिहावे.' हे 'नंतर' आत्ता आलं होतं. काकांनी स्प्रिंग हातात घेऊन मोटरच्या प्रत्येक फटीत घालून बघितली. ती दोन ठिकाणी शिरली आणि दोन्ही ठिकाणांहून उडून काकूंच्या केसांत सापडली. शेवटी त्यांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि पुढे गेले. मोटर उभी राहिली. बाहेरून बघणाऱ्याला काहीही कमी दिसत नव्हतं.

चाचणीसाठी आवारात पाण्याचा ड्रम भरला, कडेला फळी बांधली आणि फळीवर मोटर बसवली. दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटात आले. गॅरेजवाला लांब उभा राहिला. काकांनी दोरी ओढली. मग पुन्हा ओढली. सेक्रेटरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोठ्याने मोजत होते, हे त्यांचं पत्राला दिलेलं उत्तर होतं. त्रेपन्नाव्या ओढीला मोटर खोकली आणि भडकली. पूर्ण अकरा सेकंद ती चालली, आणि तेवढ्यात तिने ड्रम रिकामा केला. पाणी मागे फेकायला हवं होतं. पण तिने ते पुढे, म्हणजे काकांच्या अंगावर फेकलं. काकांचा चष्मा वाहून डॉक्टरांच्या पायाशी गेला.

"पाणी उलट्या बाजूला गेलं का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"ड्रम गोल असतो," काका चष्मा पुसत म्हणाले. "गोल वस्तूत असं होतं." ते इतक्या अधिकाराने बोलले की कुणी पुढे विचारलं नाही. पण पुढच्या दोन आठवड्यांत मोटर पुन्हा एकदाही चालू झाली नाही, आणि वाढदिवस चार दिवसांवर आला.

त्यातच परवान्याचं निघालं. तलावात होडी न्यायची तर धक्क्यावरच्या कार्यालयाचा परवाना लागतो. काका रीतसर अर्ज घेऊन खिडकीशी गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, एका रकान्यावर पेन टेकवलं आणि म्हणाला, "इंजिन नंबर?"

"पट्टी आहे," काका म्हणाले. "एकदम चकचकीत आहे."

"चकचकीत हा नंबर नाही."

काकांना संताप आला, आणि त्याच वेळी त्यांना त्या माणसाबद्दल आदरही वाटला. त्यांनी स्वतः हेच उत्तर दिलं असतं. सव्वीस वर्षांत एकेका नंबरासाठी, एकेका सहीसाठी त्यांनी माणसं परत पाठवली होती, आणि ती माणसं खिडकीबाहेर अशीच हातात अर्ज धरून उभी राहिली असणार, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. कळून ते फार काळ तिथेच उभे राहिले. शेवटी कारकुनालाच दया आली. "मोटर आणा. मी डोळ्यांनी बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोटर हातगाडीवरून कार्यालयात गेली. कारकुनाने वाकून पट्टीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून कंगवा काढून भांग नीट केला, पुन्हा एकदा बघितलं आणि जागेवर जाऊन लिहिलं, 'इंजिन क्रमांक दिसत नाही.' पण परवान्याचा छापील रकाना अरुंद होता. पक्की प्रत हातात आली तेव्हा तिच्यावर 'इंजिन : दिसत नाही' एवढंच उरलं होतं. इंजिन नाही म्हणून प्रकार 'वल्ह्यांची होडी'. अट, दोन वल्ही सोबत बाळगावीत.

कागदावरची चूक दुरुस्त न करता काका आजवर कधी खिडकीपासून हलले नव्हते. त्यांनी परवाना दोनदा वाचला, चार घड्या घातल्या, सत्त्याऐंशी नंबरच्या स्प्रिंगशेजारी खिशात ठेवला आणि झपाझप घरी आले.

वाढदिवसाला सगळं कुटुंब धक्क्यावर जमलं. सासरेबुवांची जुनी होडी साडूभाऊंनी रंगवून आणली होती आणि तो रंग त्यांनी तासाभरात लावून घेतला होता, हे ते प्रत्येकाला सांगत होते. मागच्या फळीवर मोटर बसली. उन्हात पट्टी अशी चमकली की सासूबाईंनी डोळ्यांवर पदर धरला. साडूभाऊंनी मोबाइल वर धरला. "चला साडूसाहेब," ते म्हणाले, "दाखवा एका ओढीत."

सासरेबुवा होडीत मधल्या फळीवर बसले होते, नवा सदरा, मांडीवर काठी, आणि डोळे बेटाकडे. या माणसाला आज बेट दाखवता आलं नाही तर उद्या मोटर वर्कशॉपमध्ये जाणार होती. त्यानंतर सत्तावीस वर्षांवर आणखी सत्तावीस वर्षं एकच वाक्य ऐकायचं होतं, आणि पुढे 'जावयांनी मात्र' असं शेपूट लागणार होतं. काकांनी दोरीला हात लावला. धक्क्याचा पहारेकरी पुढे आला. "परवाना?"

काकांनी तो उघडून दिला. पहारेकऱ्याने ओठ हलवत वाचला. "वल्ह्यांची होडी," तो म्हणाला. "मग वल्ही मारा."

काकांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखा तजेला आला. ते साडूभाऊंकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "नियमाने धक्क्यावर इंजिन चालू करता येत नाही. माझा नाइलाज आहे." आणि वल्ही हातात घेतली.

वल्ही मारणं म्हणजे काय हे काकांना पन्नास हात गेल्यावर कळलं. होडी गोल फिरून पुन्हा धक्क्याशी आली, साडूभाऊंनी तेवढं चित्रीकरण करून घेतलं, मग ती कशीबशी मार्गी लागली. अर्ध्या तासाने बेटाच्या मागच्या बाजूला, जिथून धक्का दिसत नाही, तिथे काकांनी वल्ही आत घेतली आणि ते धापा टाकत बसले. तळहातांना फोड आले होते.

"बाबा," ते म्हणाले, "तुम्हाला खोटं नाही सांगत. ही चालू होत नाही. त्रेपन्न वेळा ओढली तेव्हा एकदा झाली, तीही अकरा सेकंद. माझ्याकडून नाही झालं." खिशातून स्प्रिंग काढून त्यांनी सासरेबुवांच्या हातावर ठेवली. "आणि ही उरली."

सासरेबुवांनी स्प्रिंगकडे बघितलं. मग मागे वळून धक्का खरंच दिसत नाही ना याची खात्री केली. सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं जुनं घर काढलं, चष्म्याखालचं मखमली कापड उचललं आणि त्याखालून एक बारीक लोखंडी खिळी काढली. "ही माझी उरलेली," ते म्हणाले. "सदतीस वर्षं झाली."

सासरेबुवांनी खिळी स्प्रिंगमध्ये सरकवली. ती तंतोतंत बसली.

"म्हणजे तुम्हीही उघडली होती?"

"एकदाच. पुन्हा धीर झाला नाही." सासरेबुवांनी तो जोडलेला भाग उजेडात फिरवून बघितला. "कशाचा असेल हो हा?"

"रजिस्टरमध्ये नंतर लिहायचं राहिलंय," काका म्हणाले. "पण बाबा, ती तर एका ओढीत चालू व्हायची."

"एका ओढीत," सासरेबुवा म्हणाले, आणि ऐंशी वर्षांच्या त्या तोंडावर शाळेतल्या चोरट्या मुलाचं हसू आलं. "दर रविवारी होडी साफ करायला म्हणून मी तासभर आधी यायचो ना. चाळीस वेळा ओढायचो. मग चालू व्हायची. चांगली तापली की बंद करायचो. मंडळी आली की एका ओढीत. हिने एकदा कौतुक केलं आणि मी अडकलो. आता हिला सांगायचं कोणत्या तोंडाने?"

काकांना सत्तावीस वर्षं एकदम हलकी झाल्यासारखं वाटलं. मिक्सर, स्कूटर, अडलेली वाक्यं, सगळी. त्यांना त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली, पण होडी डुचमळली असती म्हणून त्यांनी फक्त बाह्या वर केल्या.

"मी मोजतो," सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही ओढा."

काकांनी ओढली. फोड फुटले, बटण तुटून पाण्यात गेलं. सासरेबुवा काठीने ताल धरून मोजत होते आणि मध्ये मध्ये मोटरला अशा शिव्या देत होते, ज्या त्यांना येतात हे सासूबाईंना माहीत नव्हतं. एकोणचाळीसला ते थांबले, पुढे सरकले आणि काकांच्या हातावर हात ठेवून त्यांनी स्वतः दोरी धरली. चाळिसावी ओढ दोघांची. मोटर भडकली. बेटावरचे बगळे उडाले.

"तापू द्या," सासरेबुवा ओरडले. "आता बंद करा. दहा मोजा. हं, ओढा."

काकांनी एकदा ओढली. चालू झाली. काकांनी गिअरचा दांडा पुढे टाकला, काहीच झालं नाही. मागे टाकला, आणि होडी उलटी निघाली. दांडा कसाही हलवला तरी तिला एकच दिशा येत होती. त्या दिवशी पाणी उलटं गेलं ते ड्रम गोल होता म्हणून नव्हे, हे काकांना तेव्हा समजलं.

"उलटी तर उलटी," सासरेबुवा म्हणाले. "चालतेय ना? मग हात लावू नका."

अशा रीतीने बेटामागून होडी आली ती मागची बाजू पुढे करून, मोटर सगळ्यांत आधी, ढगभर धूर आणि पाण्याचे फवारे उडवत. काकांची धक्क्याकडे पाठ होती. सासरेबुवा त्यांच्याकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे त्यांना धक्का दिसत होता. ज्याच्या हातात सुकाणू त्याला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं तो मजेत हात हलवत होता. "डावीकडे घ्या," सासरेबुवा म्हणत. "नाही, माझ्या डावीकडे." शेवटी काकांनी टाकीचा नळ बंद केला, मोटर विझली आणि एक भलीमोठी लाट होडीच्या आधी धक्क्यावर चढली. कडेला येऊन चित्रीकरण करणारे साडूभाऊ कमरेपर्यंत भिजले, आणि मोबाइल वर धरून तसेच उभे राहिले.

पहारेकरी धावत आला. त्याने धुराकडे बघितलं, मोटरकडे बघितलं, परवाना पुन्हा मागून घेतला आणि ओठ हलवत वाचला. "इंजिन दिसत नाही," तो म्हणाला. शिक्क्यावर बोट फिरवलं, कागद परत दिला आणि पाठ फिरवून निघून गेला.

"उलटी का आली?" साडूभाऊंनी बूट उपडा करत विचारलं.

"मला तुम्हा सगळ्यांची तोंडं बघत यायचं होतं," सासरेबुवा म्हणाले. "जावईबापूंनी तशी करून दिली."

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याचा ओला सदरा बघितला, काकांचे फोड आलेले हात बघितले आणि विचारलं, "किती ओढींत चालू झाली?"

सासरेबुवा आपल्या काठीचं टोक निरखायला लागले. काका आयुष्यात नोंदीबाहेरचं एक अक्षर बोलले नव्हते. पण शेवटची ओढ एकच होती, आणि ती नोंदवण्यासारखी होती.

"एका," ते म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली आणि साडूभाऊंकडे वळल्या. "बघितलंत? हे असं असतं."

स्प्रिंग आणि खिळी सासरेबुवांनी होडीतच चष्म्याच्या घरात, मखमलीखाली ठेवून दिली होती. काकांनी तेव्हा पोच मागितली नव्हती. घरी आल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं, आणि आपण बरे आहोत ना म्हणून त्यांनी काकूंना कपाळाला हात लावून बघायला सांगितलं.

पुढच्या सोमवारी सकाळी बेल वाजली. त्या वेळचेच दोघे हमाल दारात होते. या वेळी खांद्यावर काही नव्हतं, फक्त एक पाकीट होतं. काकांनी आधी पाणी दिलं, मग पाकीट उघडलं. आत सासरेबुवांच्या थरथरत्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'स्प्रिंग, लहान, नग एक, मिळाली. पोच.' खाली सही, तारीख आणि वेळ.

काकांनी कपाटातून रजिस्टर काढलं. सत्त्याऐंशी नंबरसमोरचं 'कुठली ते नंतर लिहावे' त्यांनी फूटपट्टी धरून एका सरळ रेघेने खोडलं, आणि पुढे लिहिलं, 'बाबांची.'